पार्टीनंतरचा ड्रायव्हर : बुकिंगआधी एवढं वाचा

पार्टीत प्यायल्यावर तुमचीच गाडी चालवून तुम्हाला घरी सोडणारा ड्रायव्हर आम्ही पुण्यात पाठवतो. रात्री साडेअकराला फोन येतो, “बिल मागवलंय, दहा मिनिटांत माणूस पाठवा.” वाकडचा ड्रायव्हर कोरेगाव पार्कात दहा मिनिटांत कसा पोचणार? निघायची वेळ रात्री आठपर्यंत कळवा. पुढेमागे झाली तर आम्ही सांभाळून घेतो.

खरा घोळ त्यानंतर होतो. ड्रायव्हर येईस्तोवर साहेब स्वतःच गाडी बेसमेंटमधून वर काढून रस्त्याकडेला लावतात. आमचा माणूस खाली खांब मोजत फिरतो, तिथे फोनला रेंज नसते. वीस मिनिटं जातात आणि मग वेटिंग का लावलं म्हणून वाद.

वेटिंगचं सोडा. दारू पिऊन गाडी चालवण्याबद्दलचं मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ गाडी चालवण्याइतकंच चालवायचा प्रयत्न करण्यालाही लागू आहे. “फक्त गेटपर्यंत आणली” हे पोलिसांना सांगून उपयोग नाही. गाडी आहे तिथेच राहू द्या, पार्किंगचा मजला आणि खांबाचा नंबर तेवढा मेसेज करा. घर दोन गल्ल्यांवर आलं की ड्रायव्हरला उतरवून स्टिअरिंग हातात घेणारेही आहेत. तेही नको.

“किती पेग चालतात?” हे आम्हाला विचारू नका. कायदा पेग मोजत नाही. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की गुन्हा, आणि ते वजनावर, जेवणावर, वेळेवर ठरतं. वर मसाला पान खाल्लं तरी पोलिसांचं फुंकायचं मशीन फसत नाही. पहिल्यांदा सापडलात तर १०,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर १५,००० रुपये दंड किंवा २ वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. हेल्मेटच्या चलनासारखं हे मोबाइलवरून भरून मिटत नाही, कोर्टात उभं राहावं लागतं. लायसन्सवर गदा येते ती वेगळीच. ‘कमी प्यायलेल्या’ मित्राला किल्ली देऊन चालवायला लावणाऱ्यालाही कलम १८८ खाली तीच शिक्षा आहे.

आमचे दर थोडे जास्त वाटतील. पण त्यात ड्रायव्हरचं परतीचं भाडं धरलेलं असतं, कारण रात्री एकला हिंजवडीहून त्याला रिक्षाच करावी लागते. शिवाय प्रत्येक ड्रायव्हर निघण्याआधी आमच्या ऑफिसात मशीनमध्ये फुंकूनच निघतो. म्हणून कृपा करून त्याला “घे रे एक” असा आग्रह करू नका. जेवण मात्र जरूर विचारा. ३१ डिसेंबरचं बुकिंग आधीच करा, त्या रात्री ऐनवेळी कुणी शिल्लक नसतं.