सुरू होते, पण टिकत नाही

मित्राने ११ वर्षं जुनी पेट्रोल गाडी घेतली. व्यवहाराच्या दिवशी ती झकास चालली. तिसऱ्या दिवशी सकाळी मात्र सेल्फ मारला की इंजिन लगेच सुरू व्हायचं आणि तीन-चार सेकंदांत मान टाकायचं. पार्किंगमध्ये जमलेल्या प्रत्येकाने निदान सांगितलं: बॅटरी बदल, प्लग बदल, पंप गेलाय.

बॅटरी आधी बाजूला ठेवू. गाडी सुरू होते यातच अर्धं निदान आहे. स्टार्टरने इंजिन जोरात फिरवलं म्हणजे बॅटरीत दम आहे. इंजिनाने पेट घेतला म्हणजे ठिणगी पडतेय, पेट्रोल पोचतंय आणि सिलिंडरमध्ये दाबही तयार होतोय. मग बिघडलं काय? सुरू होणं आणि सुरू राहणं ही इंजिनाची दोन वेगळी कामं आहेत, आणि त्यांचे नियमही वेगळे आहेत.

स्टार्टर इंजिनाला मिनिटाला जेमतेम दोन-अडीचशे फेरे देतो. एवढ्या संथ, गचके खाणाऱ्या गतीत आत येणाऱ्या हवेचं माप भरवशाचं नसतं. म्हणून गाडीचा संगणक, म्हणजे ईसीयू, त्या मापावर फारसा विसंबत नाही. इंजिन किती गार आहे ते पाहतो आणि आधीच ठरलेल्या कोष्टकातून हात सैल सोडून पेट्रोल देतो. एकदा इंजिन पेटलं की हा लाड संपतो. आता हवा मोजायची आणि तिच्या हिशेबात पेट्रोल द्यायचं: शुद्ध पेट्रोलला साधारण १४.७ भाग हवेमागे १ भाग, वजनाने. या सांध्यावर हिशेब चुकला की इंजिन बंद. हवा मोजणारा सेन्सर मळला असेल, किंवा त्याच्यापासून इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी पाइपला चीर पडून न मोजलेली हवा आत शिरत असेल, तर मिश्रणात पेट्रोल कमी पडतं. बॉनेट उघडल्यावर बारीक ‘स्स्स’ ऐकू आलं, तर तो पाइप आधी तपासावा.

मी मित्राला दोनच गोष्टी विचारल्या. पहिली, दर वेळी अगदी तेवढ्याच सेकंदांनी बंद पडते का? घड्याळ लावल्यासारखी दोन सेकंदांनी बंद पडणारी गाडी बहुधा कुणीतरी मुद्दाम बंद करत असतं, आणि तो असतो इमोबिलायझर, म्हणजे ओळखीची किल्ली नसेल तर गाडी चालू न देणारी चोरीविरोधी यंत्रणा. किल्लीच्या डोक्यात एक चिप असते, तिला सेल नसतो. किल्लीच्या खाचेभोवतीच्या तारेच्या वेटोळ्यातून तिला ऊर्जा मिळते आणि ती आपला क्रमांक कळवते. क्रमांक जुळला नाही तर काही गाड्या सुरूच होत नाहीत, काही सुरू होऊन बंद पडतात. जुनी गाडी घेताना बाजारात कापून आणलेली बिनचिपची किल्ली गळ्यात पडू शकते. डॅशबोर्डवर किल्लीचा दिवा लुकलुकत असेल तर प्लग बदलून काही होणार नाही.

दुसरी, अ‍ॅक्सिलेटर किंचित दाबून धरला तर टिकते का? रेस देताच गुदमरत असेल तर पेट्रोल कमी पडतंय. किल्ली ‘ऑन’ केल्यावर मागच्या सीटखालून पंपाची दोनेक सेकंद गुणगुण येते का ते ऐकायचं. पाइपात उरलेल्या दाबावर गाडी सुरू होते आणि पंपाची रिले (त्याला वीज देणारा स्विच) साथ देत नसेल तर लगेच थांबते.

मित्राची गाडी रेस दिल्यावर टिकत होती. म्हणजे पेट्रोल होतं, आयडलिंगला, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू राहायला, लागणारी हवा मिळत नव्हती. पाय उचललेला असताना थ्रॉटलची, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी, झडप जवळजवळ मिटलेली असते आणि हवा तिच्या कडेच्या बारीक फटीतून जाते (काही गाड्यांत वेगळ्या छोट्या वाटेने). वर्षानुवर्षं तिथे तेलकट काजळी बसते. ईसीयू ते ओळखून झडप कणभर जास्त उघडायला शिकतो, त्यामुळे चालवणाऱ्याला पत्ताही लागत नाही. पण बॅटरीची तार काढली की अनेक गाड्यांत हे शिकलेलं पुसलं जातं. इंजिन नव्या गाडीच्या आकड्यांवर चालू पाहतं, फट मात्र जुनीच, बुजलेली.

तार कुणी काढली असेल? आम्ही स्कॅनर, म्हणजे ईसीयूतली माहिती वाचणारं यंत्र, लावला. बिघाडाचा कोड एकही नाही, पण गाडीच्या बऱ्याच स्वयंचाचण्या ‘अपूर्ण’. साठवलेले कोड पुसले किंवा बॅटरीची तार काढली की असं दिसतं. पुढे बरंच चालवल्यावरच त्या पूर्ण होतात. जुनी गाडी बघायला जाताना हे पान आधी उघडावं, रंग-पॉलिश नंतर बघावं. विकणाऱ्याला फोन केला तेव्हा तो म्हणाला, “बॅटरी फक्त चार्जिंगला काढली होती.” असेलही.

मेकॅनिकने थ्रॉटल बॉडी उतरवली, क्लीनर मारून मऊ कापडाने पुसली. कापड काजळासारखं काळं झालं. मग स्कॅनरवरून झडपेची जागा नव्याने शिकवली. इंजिन ८०० फेऱ्यांवर शांत गुणगुणायला लागलं. दुसरी किल्ली मात्र विकणाऱ्याकडून अजून आलेली नाही.