फिरता दवाखाना (खानदेश)

डॉक्टर, परिचारिका, औषधे आणि जुजबी तपासणीचे साहित्य घेऊन ठरलेल्या वारी पाड्यावर येणारे पथक. खानदेशात त्याची खरी गरज नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी (धडगाव) आणि अक्कलकुवा या सातपुड्यातल्या तालुक्यांत पडते.

मूळ कल्पना रणांगणावरची. फ्रेंच शल्यवैद्य दोमिनिक लारे याने १७९० च्या दशकात जखमींसाठी घोड्यांच्या हलक्या गाड्या काढल्या. त्यांना ‘उडत्या रुग्णवाहिका’ म्हणत. महाराष्ट्रात आदिवासी भागासाठीच्या नवसंजीवनी योजनेतल्या पथकांना ‘भरारी पथक’ हे नाव मिळाले, तो बहुधा योगायोग. युद्धातल्या फिरत्या पथकांना १९४९ च्या जिनिव्हा करारांचे संरक्षण आहे.

सातपुड्यात युद्ध नाही. तंटा आहे तो जमिनीचा आणि पाण्याचा. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणामुळे महाराष्ट्रातली ३३ गावे बाधित झाली. मणिबेलीसारख्या गावांनी विस्थापनाविरुद्ध वर्षानुवर्षे लढा दिला. सरकारी जीप दिसली की ती मोजणीला आली की औषध द्यायला, हा प्रश्न अशा गावात आधी येणारच. म्हणून पाड्यावरची ‘आशा’ (गावातली आरोग्यसेविका) सोबत हवी. ती ओळखीची असते आणि पावरी-भिलीही तिलाच येते. डॉक्टरची अहिराणी इथे फारशी उपयोगी पडत नाही.

जुन्या वाटा जलाशयाखाली गेल्याने नर्मदाकाठी बोटीतून जाणारा ‘तरंगता दवाखाना’ आला. डोंगरात मात्र गाडी रस्ता संपेल तिथे थांबते. पुढे लसींचा डबा हातात घेऊन चालायचे. डब्यात बर्फाची चार पाकिटे, आत तापमान २ ते ८ अंश राहायला हवे. चढ लांबला की सगळ्यांचे लक्ष त्या डब्याकडेच. उलट दिशेने येणारा अत्यवस्थ रुग्ण बांबूला बांधलेल्या झोळीतून खाली येतो.

मोहाच्या झाडाखाली ताडपत्री अंथरली की ओपीडी सुरू. ताप, खरूज, गरोदर बायांची तपासणी, सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारासाठी रक्ताचा थेंब. मुलांच्या दंडाला रंगीत पट्टी गुंडाळतात, घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर लाल, म्हणजे तीव्र कुपोषण. अशा मुलाला आईसह पोषण पुनर्वसन केंद्रात न्यायचे, तर घरची बाकीची पोरे कोणाकडे ठेवायची, हे आईला आधी ठरवावे लागते.

वेळापत्रक कार्यालयात बसून आखले की फसते. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे ऊसतोडीला गुजरातकडे जातात आणि होळीला परततात. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराच्या दिवसांत पाडे भरलेले असतात, आणि चार-पाच महिने हुकलेल्या लसी तेव्हाच देता येतात.