‘चार-पंचवीस’मागचा इतिहास: चाकू, कोयता आणि कायदा

‘कोयता बाळगणाऱ्या तरुणाला अटक, आर्म्स अॅक्ट ४/२५ सह महाराष्ट्र पोलीस अधिनियम ३७(१), १३५ नुसार गुन्हा.’ मराठी वर्तमानपत्रांत ही ओळ नित्याची झाली आहे. त्यातली कलमे वेगवेगळ्या काळात आणि वेगवेगळ्या कारणांनी आली.

१८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी हिंदुस्थानी माणसाच्या हातातले शस्त्र काढून घ्यायला सुरुवात केली आणि व्हाइसरॉय लिटनच्या काळात, १८७८ मध्ये, शस्त्र कायदा पक्का झाला. बंदुकांबरोबर तलवारी, खंजीर, भाले, इतकेच काय धनुष्यबाणही त्यात ‘शस्त्र’ ठरले. गोऱ्यांना मात्र सूट होती. गांधीजींनी १९१८ मध्ये गुजरातच्या खेडा जिल्ह्यातल्या सैन्यभरतीच्या पत्रकात या कायद्याला इंग्रजी राजवटीचे सर्वांत काळे कृत्य म्हटले. काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावात नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्क होता. संविधान सभेत १९४८ च्या डिसेंबरात ह. वि. कामथांनी तो मूलभूत हक्कांत मागितला, पण सूचना फेटाळली गेली. राज्यघटनेत नावानिशी आलेले पाते एकच: अनुच्छेद २५ च्या स्पष्टीकरणातले शिखांचे कृपाण.

स्वतंत्र भारताचा शस्त्र कायदा १९५९ चा. तो १ ऑक्टोबर १९६२ ला लागू झाला. पात्याच्या हत्यारांबाबत तो इंग्रजांच्या कायद्यापेक्षा सौम्य आहे. बंदुकीला देशभर परवाना लागतो, पण तलवार-सुऱ्यांना कलम ४ खाली अधिसूचना निघालेल्या भागातच. शिक्षा कलम २५ मध्ये, म्हणून ‘चार-पंचवीस’. नियमांत मापही दिले आहे: पाते ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद. घरगुती, शेती, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली अवजारे वगळली आहेत. दिल्लीत मात्र १९८० च्या अधिसूचनेने बटनदार चाकूंसाठी ही मर्यादा ७.६२ सेंटिमीटरवर, म्हणजे ३ इंचांवर आणली. आरोपपत्रासोबत अधिसूचनाच जोडली नाही म्हणून आरोपी सुटल्याचे अनेक निकाल आहेत. तपासातली ही हयगय मला अक्षम्य वाटते.

शस्त्रे हा केंद्राच्या सूचीतला विषय, पण पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था राज्याकडे. म्हणून महाराष्ट्रात दुसरा कायदाही चालतो, १९५१ चा मुंबई पोलीस कायदा, आताचा महाराष्ट्र पोलीस अधिनियम. सणासुदीला, निवडणुकीत निघणारे मनाई आदेश त्याच्या कलम ३७(१) चे. तिथे इंचांचा हिशेब नाही. सुरी काय, काठीही चालत नाही.

खरी ओढाताण कोयत्याची आहे. त्याचे पाते सहज २ इंचांहून रुंद भरते, पण ते शेतीचे अवजार. ऊसतोडीला निघालेल्या नवरा-बायकोच्या जोडीला मुकादम ‘एक कोयता’ म्हणूनच मोजतो आणि उचल त्या हिशेबाने देतो. बीडहून कारखान्यांकडे जाणाऱ्या ट्रकमध्ये असे कित्येक कोयते असतात. पुण्यात ‘कोयता गँग’ हा शब्द रुळल्यावर, २०२३ च्या सुरुवातीला, कोयता घेणाऱ्याचे आधार कार्ड पाहून नोंद ठेवायला पोलिसांनी दुकानदारांना सांगितले. कायदा पाहतो ते अवजार कशासाठी बनवले ते. रात्री चौकात ते कोणाच्या हातात आणि कशासाठी आहे, हे ठरवायचे काम गस्तीवरच्या हवालदारावर येते.