पंचगंगेचा पूर, बदलते हवामान आणि पूररेषेचा घोळ : पार्श्वभूमी

हरितगृह वायूंचे प्राथमिक गणित आता शाळेतही शिकवतात, ते इथे पुन्हा उगाळत नाही. कोल्हापूरकरांच्या कामाचा आकडा वेगळा आहे : तापमान 1 अंशाने वाढले की हवेची बाष्प धरायची क्षमता सुमारे 7 टक्क्यांनी वाढते. तापलेल्या अरबी समुद्रावरून आलेले हे बाष्प गगनबावडा-राधानगरीच्या घाटमाथ्यावर रिते होते. हंगामाची सरासरी फारशी हलली नाही तरी चार दिवसांत कोसळणारे पाणी वाढते, आणि महापूर त्या चार दिवसांतच येतो.

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांना गेले की इशारा, 43 फुटांना धोका. 2005 चा महापूर बरीच वर्षे मापदंड होता. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांपुढे गेले आणि शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला. 2021 च्या जुलैत पुन्हा तेच.

खरा घोळ पूररेषेचा, म्हणजे पुराचे पाणी कुठवर येईल ते दाखवायला नकाशावर आखलेल्या रेषेचा. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या. निळीच्या आत बांधकामाला मनाई, दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात अटींवर परवानगी. ‘आला तो पूर, आता शंभर वर्षे निवांत’ असा सोयीचा अर्थ लावला जातो. वास्तविक लाल रेषेपर्यंत पाणी येण्याची शक्यता दरवर्षी 1 टक्का, म्हणजे 30 वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत 26 टक्के. निळ्या रेषेसाठी तीच सुमारे 71 टक्के. हे गणितही जुन्या विसर्गांच्या (नदीतून दर सेकंदाला किती पाणी वाहिले त्याच्या) नोंदींवर बेतलेले, पुढचा पाऊस मागच्यासारखाच पडेल असे गृहीत धरून. नेमके तेच गृहीतक हवामानबदलाने मोडले आहे. तरी रेषा वर सरकवायचे नुसते नाव काढले की हरकतींचा ढीग पडतो, कारण त्यात गुंठ्यागुंठ्याने प्लॉट बाद होतात.

कृष्णेवरच्या कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची उंची 519.6 मीटरवरून 524.256 मीटर करण्याला कृष्णा पाणीतंटा लवादाने 2010 मध्ये मुभा दिली, आणि सगळे खापर तिकडे फोडायची सवय आहे. तिथल्या फुगवट्याचा, म्हणजे धरणामागे तुंबणाऱ्या पाण्याचा प्रश्न गंभीर आहेच. पण पूरपट्ट्यातला भराव आपणच टाकला. भरावाने पात्र आवळले की तेवढ्याच विसर्गाला पातळी जास्त चढते आणि कागदावरची रेषा खोटी ठरते. शहरात तर पाणी थेट नदीकाठावरून येण्याआधी जयंती नाल्यातून उलटे चढते, आणि सुतारवाडा या सखल वस्तीतली घरे रिकामी करावी लागतात.