टाकणखार विस्तवासाठी, तुरटी पाण्यासाठी

घरच्या घरी चांदीकाम करू पाहणाऱ्यांना हल्ली जे सल्ले मिळतात, त्यांत एक वाक्य हमखास आढळते: ‘जोडाला तुरटी किंवा टाकणखार लावा आणि तापवा.’ या वाक्यातील ‘किंवा’ने पुष्कळांचे जोड बिघडवले आहेत. दोन्ही पदार्थ पांढरे, दोन्ही खड्यांच्या रूपात मिळणारे, दोन्ही काष्ठौषधींच्या दुकानात शेजारीशेजारी ठेवलेले आणि तव्यावर टाकले की दोन्ही फुलून त्यांची लाही होते; तेव्हा एक नसेल तर दुसरा चालेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात चांदीकामाला दोन्ही लागतात, पण एकाच कामाच्या दोन वेगळ्या टोकांना लागतात, आणि एकाच्या जागी दुसरा वापरणे हे नुसते निरुपयोगी नसून अपायकारक आहे.

तुरटीचा परिचय करून देण्याची गरज नाही. गढूळ पाण्यात फिरवायची, दाढीनंतर गालावर लावायची ती हीच. टाकणखार, म्हणजे बोरॅक्स, ज्याला सोनार सवागी म्हणतात, तो मात्र आता फारशा घरांत नसतो. पूर्वी तो तिबेटातून आणि लडाखमधील पुगा खोऱ्यातून येत असे. दिसण्यातला फरक थोडक्यात असा की तुरटीचा खडा बहुधा काचेसारखा आरपार राहतो, तर टाकणखाराचा खडा उघड्यावर राहिला की अंगावर खडूसारखी पांढरी भुकटी धरतो. भुकटी करून आणली असेल आणि डब्यावर नाव नसेल, तर पाण्यात कालवलेल्या हळदीत चिमूटभर टाकून पाहावी. टाकणखाराने हळद तांबूस होते, तुरटीने पिवळीच राहते. जुन्या पद्धतीने हळदीचे कुंकू करताना टाकणखार लागतो, तो याच गुणासाठी. चव घेऊन ओळखण्याचा सल्ला काही जण देतात, तो मुळीच ऐकू नये; टाकणखार पोटात जाण्याची वस्तू नाही.

आता मूळ मुद्दा. घरगुती कामाला जी चांदी वापरली जाते, ती बहुधा ९२.५ टक्क्यांची असते आणि उरलेल्या साडेसात टक्क्यांत मुख्यतः तांबे असते. ही चांदी तापवली की तिच्या पृष्ठभागावरचे तांबे हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावते आणि काळा थर तयार होतो. चांदीच्या जोडाला जो डाख लावायचा, तो चांदीचाच पण जरा कमी तापमानाला वितळणारा मिश्रधातू असतो, आणि तो केवळ स्वच्छ धातूवर पसरतो. या काळ्या थरावर तो चिकटतही नाही आणि वाहतही नाही, नुसता गोळा होऊन बसतो. म्हणजे अडचणी दोन आहेत. तापत असताना जोडावर हा थर धरू द्यायचा नाही, ही पहिली. आणि काम झाल्यावर बाकीच्या दागिन्यावर जो थर धरलाच आहे तो काढायचा, ही दुसरी. पहिल्या अडचणीवरचा उपाय टाकणखार आहे आणि दुसऱ्या अडचणीवरचा तुरटी. दोन्हींनी ‘चांदी साफ होते’ असे मोघम सांगितले जाते, आणि सारा गोंधळ या मोघमपणातून जन्मतो.

टाकणखार विस्तवावर काय करतो, हे एकदा नीट पाहिले की पुन्हा चूक होत नाही. खडा पाण्याच्या थेंबांबरोबर सहाणेवर उगाळून साईसारखा दाट लेप करावा. (सहाण यासाठी वेगळी ठेवावी, देवघरातली वापरू नये, हे सांगावे लागू नये, पण लागते.) भांड्यांच्या साबणाने धुऊन निपटलेल्या जोडाला तो जुन्या रंगाच्या कुंचल्याने लावावा, तेलकट बोटांचा ठसा राहिला असेल तर तिथे लेप धरत नाही आणि पुढे डाखही धरत नाही. मंद ज्योत दाखवली की आधी पाणी उकळून जाते, मग स्फटिकातले पाणी सुटू लागते आणि लेप पांढऱ्या फेसासारखा फुगतो. याच क्षणी डाखाचा बारीक तुकडा उचलला जाऊन बाजूला पडतो आणि नवशिके घाबरून ज्योत मोठी करतात. ज्योत मोठी न करता फुगवटा बसू द्यावा आणि तुकडा चिमट्याने जागेवर आणावा. किंवा टाकणखार आधीच तव्यावर फुलवून, वाटून वापरावा, म्हणजे तो फारसा उसळत नाही. पुढे पांढरा थर खाली बसतो, चिकट होतो आणि सुमारे ७४० अंश सेल्सिअसच्या आसपास अगदी पाण्यासारखा नितळ होऊन जोडावर पसरतो. हा वितळलेला टाकणखार म्हणजे एक प्रकारची काच असते. ती हवा आत येऊ देत नाही आणि जे थोडे तांब्याचे ऑक्साइड तयार झालेले असते ते स्वतःत विरघळवून घेते. शाळेच्या प्रयोगशाळेत प्लॅटिनमच्या तारेवर टाकणखाराचा मणी करून त्यात तांब्याचा क्षार घातला की थंड झाल्यावर मणी निळा दिसतो. तिथे जे घडते तेच इथे जोडावर घडत असते.

लेप नितळ झाला, म्हणजे डाख आता वाहण्याच्या बेतात आहे, ही खूण घरी काम करणाऱ्याला फार उपयोगी पडते, कारण त्याच्याकडे तापमान मोजण्याचे दुसरे साधन नसते. ९२.५ टक्क्यांची चांदी ८०० अंशांच्या पुढे वितळू लागते आणि ८९० च्या सुमारास पूर्ण वितळते, म्हणजे डाख वाहणे आणि दागिनाच वितळणे यांत अंतर थोडेच असते. ज्योत डाखावर न धरता सगळ्या दागिन्यावर फिरवत ठेवावी. चांदी उष्णता फार वेगाने वाहून नेते आणि डाख नेहमी जास्त तापलेल्या भागाकडे धावतो. जोडातून लखकन चकाकती रेघ पळाली की ज्योत बाजूला करावी. डाख वाहत नाही म्हणून नुसती आच वाढवत बसणे ही मला सर्वांत न आवडणारी सवय आहे. बराच वेळ तापवल्यावर टाकणखार ऑक्साइडने भरून जातो आणि त्याचे काम संपते. मग कितीही फुंकले तरी उपयोग नसतो. थांबावे, थंड करावे, धुवावे आणि नव्या लेपाने सुरुवात करावी.

हेच काम तुरटीकडून करून घ्यायला गेले तर काय होते? तुरटी सुमारे ९२ अंशांना स्वतःच्याच स्फटिकजलात वितळते, उसळते, फुगते आणि कोरड्या, ठिसूळ लाहीसारखी होऊन बसते. इथपर्यंत दोन्ही पदार्थ सारखे वागतात, आणि तव्यावरचे निरीक्षण इथेच संपत असल्यामुळे फसगत होते. टाकणखाराची लाही पुढे वितळून काच होते; तुरटीची लाही तशी नितळ काच कधीच होत नाही. आच वाढवत नेली की ती विघटित होते, गंधकाचे घशाला झोंबणारे वायू बाहेर पडतात आणि मागे ॲल्युमिनियमचे ऑक्साइड उरते, ज्याचा वितळबिंदू २,००० अंशांच्याही वर आहे. म्हणजे ज्या फटीत डाख शिरायला हवा त्या फटीत आपण स्वतःच्या हाताने न वितळणारी माती भरून ठेवतो. पांढरी कचकच, तिच्यावर डाखाचा गोळा आणि खोलीभर वास, एवढेच हाती लागते. इतके होऊनही काही जण ‘तुरटी भेसळीची होती’ असे म्हणतात. ती शुद्ध असती तरी हेच झाले असते.

उलट चूकही होते, पण ती कमी घातक आहे. झाळून काळा पडलेला दागिना टाकणखाराच्या पाण्यात उकळला तर तेल, मळ, बोटांचे डाग निघतात आणि काम झाल्यासारखे वाटते. काळा थर मात्र जागच्या जागी राहतो. टाकणखाराचे पाणी क्षारधर्मी असते आणि तांब्याच्या ऑक्साइडला विरघळण्यासाठी आम्ल लागते. तुरटीचे पाणी आम्लधर्मी असते. तिच्यातील ॲल्युमिनियमची पाण्याशी अभिक्रिया होऊन पाण्यात थोडी आम्लता येते, आणि पाणी गरम असेल तर तेवढी आम्लता या थराला सावकाश विरघळवायला पुरते. शिवाय जोडावर उरलेली टाकणखाराची काचही त्यात निघून जाते. ती काच न काढता जोडावर कानस चालवणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांच्या कानशींचे दात दोन-चार दागिन्यांतच बोथट होतात.

पाव लिटर पाण्यात दोन मोठे चमचे तुरटीची भुकटी घालून पाणी उकळीच्या खाली ठेवावे आणि त्यात दागिना काही मिनिटे राहू द्यावा. तापलेला दागिना थेट त्यात टाकू नये. आधी साध्या पाण्यात विझवावा, नाहीतर आम्लाचे शिंतोडे आणि वाफ तोंडावर येते. बाहेर काढल्यावर चांदी चकचकीत नसून दुधासारखी मंद पांढरी दिसते, आणि यावरून पुष्कळांना वाटते की काहीतरी बिघडले. तसे नाही. वरच्या थरातले तांबे निघून गेल्यामुळे जवळपास शुद्ध चांदीचे पातळ आवरण उरलेले असते. रिठ्याच्या पाण्यात मऊ पितळी ब्रशने घासले की त्याला तेज येते, आणि कडांना झळाळी हवी असेल तर गुळगुळीत स्टीलच्या चमच्याची पाठ दाबून फिरवावी. यासाठी महागडे हत्यार घेण्याची घाई करू नये.

भांड्याच्या बाबतीत मात्र काटकसर नको. काचेचे किंवा चिनी मातीचे भांडे घ्यावे आणि ते पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नये. लोखंडी चिमटा या पाण्यात बुडवला की पाण्यात विरघळलेले तांबे दागिन्यावर चढते आणि चांदी गुलाबी होते. म्हणून बांबूची चिमटी किंवा लाकडी चमचा वापरावा. तुरटीऐवजी लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक ॲसिड, वापरले तरी चालते, आणि खरे सांगायचे तर मला तेच अधिक पसंत आहे, कारण ते जलद काम करते. चिंचेचा कोळही चालतो, फक्त वेळ लागतो. थोडक्यात, तुरटीच्या जागी दुसरे सौम्य आम्ल चालते. टाकणखाराच्या जागी चालेल असे मात्र स्वयंपाकघरात काहीही नाही.

ॲल्युमिनियमची पन्नी आणि खाण्याचा सोडा या लोकप्रिय उपायाचा इथे काहीही संबंध नाही. कपाटात ठेवून काळे पडलेले पैंजण त्याने उजळतात, कारण तो काळेपणा चांदी आणि गंधक यांच्या संयोगाचा असतो. विस्तवाने आलेला काळेपणा तांब्याचा असतो आणि त्याला ही पन्नी हात लावत नाही.

कॅरमच्या बोरिक पावडरीबद्दलही विचारले जाते. बोरिक ॲसिड टाकणखाराच्या नात्यातले खरे, पण एकटे असताना ते वितळूनही दाट, चिकटच राहते आणि जोडाला टाकणखाराइतके उपयोगी पडत नाही. त्याचा खरा उपयोग वेगळा आहे. वारंवार तापवल्यावर चांदीच्या आत जो जांभळट डाग मुरतो, तो तुरटीने निघत नाही, घासूनच काढावा लागतो. तो मुळात येऊ नये म्हणून बोरिक पावडर स्पिरिटमध्ये कालवून साऱ्या दागिन्याला लावतात. स्पिरिटची बाटली ज्योतीपासून लांब, बूच लावून ठेवावी. आणि कॅरमसाठी विकली जाणारी प्रत्येक भुकटी बोरिकच असते असे नाही, म्हणून वेष्टनावरचा मजकूर वाचून घ्यावा.

तुरटीचे पाणी वापरता वापरता निळसर होत जाते. तो रंग तांब्याचा असतो. निळेपणा गडद झाला आणि काम मंदावले की ते पाणी बदलावे, पण कुंडीत किंवा मोरीत ओतू नये. पन्नीच्या उपायात वाया जाणारा खाण्याचा सोडा इथे उपयोगी आहे. तो थोडा थोडा घालत जावे, फसफसणे थांबेपर्यंत. तळाशी बुळबुळीत निळसर गाळ बसतो. वरचे पाणी निथळून घ्यावे आणि गाळ फडक्यात वाळवून घरगुती घातक कचऱ्यात, रंगांचे डबे आणि जुन्या बॅटऱ्या जातात त्या डब्यात, द्यावा.