एका छेदातून प्लीहा: तंत्र आले तेव्हा ऑपरेशनच मागे पडत होते

इस्तंबूलच्या बारबारोस आणि दिंच्चाग या सर्जननी २००९ मध्ये एक छोटा अहवाल छापला. रुग्ण दोनच. दोघांच्याही पोटावर एकेकच छेद घेतला आणि दुर्बिणीने प्लीहा त्यातूनच बाहेर काढली. पुढे अनेक देशांतून असे अहवाल आले, पण बहुतेक मोजक्या रुग्णांचे आणि जुन्या केसपेपरवरून जुळवलेले. पित्ताशयाच्या बाबतीत रुग्णांचे यादृच्छिक गट पाडून रीतसर चाचण्या झाल्या. प्लीहेच्या वाट्याला तसे फारसे काही आले नाही, आणि त्याचे कारण तंत्रापेक्षा या ऑपरेशनच्या इतिहासात अधिक सापडते.

प्लीहा, म्हणजे आपली पानथरी, डाव्या बरगड्यांखाली असते. वजन जेमतेम दीडशे ग्रॅम, पण रक्ताने भरलेली आणि चटकन फाटणारी. पॅरिसमध्ये ज्यूल पेआँ यांनी १८६७ मध्ये ती काढली आणि रुग्ण वाचली. मात्र या ऑपरेशनला खरी मागणी आली ती १९१६ नंतर. प्राग शहरातला पॉल काझ्नेलसन तेव्हा वैद्यकीचा विद्यार्थी होता. रक्त गोठवायला मदत करणाऱ्या प्लेटलेट ज्यात फार कमी होतात आणि ज्याला आज आयटीपी म्हणतात, त्या आजारात त्या प्लीहेतच मारल्या जात असाव्यात असा तर्क त्याने मांडला आणि आपल्या प्राध्यापकांना ऑपरेशनसाठी राजी केले. प्लेटलेट झपाट्याने वर गेल्या. पुढची कित्येक दशके गोळ्यांनी न हटणाऱ्या आयटीपीवर हाच हुकमी उपाय राहिला.

या उत्साहाला १९५२ मध्ये लगाम बसला. किंग आणि शूमाकर यांनी प्लीहा काढलेल्या तान्ह्या मुलांमध्ये नंतर उद्भवलेल्या गंभीर जंतुसंसर्गाची नोंद केली. ठरवून करायच्या ऑपरेशनआधी किमान दोन आठवडे न्यूमोकोकस वगैरे जंतूंविरुद्धच्या लसी देतात, त्या या धोक्यामुळेच. छेद एक असो वा चार, हा धोका तसूभरही कमी होत नाही.

दुर्बिणीची पद्धत प्लीहेसाठी १९९१ मध्ये आली. पॅरिसच्या देलेत्र यांचे नाव यात आधी घेतले जाते. रुग्णाला उजव्या कुशीवर वळवले की प्लीहा आपल्या बंधांना लोंबकळते, मग खालचे बंध सोडवून मुळाशी असलेल्या रक्तवाहिन्यांवर स्टेपलर लावायचा. खरी कसरत शेवटी असते. सुटलेली प्लीहा पोटातच पिशवीत भरायची, पिशवीचे तोंड छेदातून बाहेर ओढायचे आणि आतला गोळा बोटांनी किंवा चिमट्याने चुरत तुकड्या-तुकड्याने काढायचा. पिशवी फाटून एखादा तुकडा पोटात सांडला तर तो तिथे रुजू शकतो, आणि आयटीपीच्या रुग्णात आजार परतायला तेवढे पुरते.

एका छेदाची हवा तयार झाली ती ‘व्रणच नको’ या लाटेतून. हैदराबादच्या राव आणि रेड्डी यांनी तोंडावाटे जठरात शिरून अपेंडिक्स काढल्यावर या कल्पनेची जगभर चर्चा झाली. तो मार्ग अवघड निघाला आणि व्रण दडवणारा बेंबीतला एकच छेद ही मधली तडजोड ठरली. प्लीहेपुरता त्यात थोडा अर्थही होता, कारण पिशवी काढायला एक भोक नाही तरी मोठे करावेच लागते. पण दोन्ही हात एकाच बाहीत घालून काम करावे तशी सर्जनची गत होते: उपकरणे एकमेकांवर आदळतात, कॅमेरा आडवा येतो आणि बेंबीपासून प्लीहेचे वरचे टोक लांब पडते.

हाती आलेले निकाल म्हणूनच मोजूनमापून वाचायला हवेत. अनुभवी हातांत, निवडक रुग्णांत आणि प्लीहा फार वाढलेली नसताना हे ऑपरेशन सुरक्षितपणे होते, रक्तस्रावही नेहमीच्या, अनेक छेदांच्या दुर्बिणीइतकाच राहतो. व्रण कमी दिसतो, हा फायदा निर्विवाद. दुखणे कमी होते हा दावा मात्र मला अजून कच्चा वाटतो. हर्नियाचा इशारा पित्ताशयाकडून मिळाला: अमेरिकेतल्या मार्क्स आणि सहकाऱ्यांच्या २०१३ च्या चाचणीत वर्षभरात एका छेदाच्या गटात ८.४ टक्के रुग्णांना हर्निया झाला, चार छेदांच्या गटात १.२ टक्के. प्लीहा काढताना तेच भोक आणखी ताणले जाते, हे इथे विसरता येत नाही.

मोठी चाचणी करायची तर तेवढे रुग्ण हवेत, आणि ते कमी होत चालले होते. आयटीपीसाठी रिटक्सिमॅब हे औषध वापरात आले होते. प्लेटलेट वाढवणाऱ्या रोमिप्लोस्टिम आणि एल्ट्रोम्बोपॅग या औषधांना अमेरिकेत २००८ मध्ये, म्हणजे इस्तंबूलच्या अहवालाच्या आदल्याच वर्षी, मंजुरी मिळाली. अमेरिकन हेमॅटॉलॉजी सोसायटीच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचना तर प्लीहा काढायला निदानानंतर किमान वर्षभर थांबा असेच सुचवतात. आपल्याकडे थॅलेसेमिया आणि विदर्भ-नंदुरबारकडचा सिकलसेल यांमुळे प्लीहा काढायची वेळ अजून येते. पण या आजारांत ती बरेचदा खूप वाढलेली असते, आणि तशा प्लीहेसमोर सर्जन एका छेदाचा हट्ट न धरता सरळ दुसरा-तिसरा पोर्ट, म्हणजे उपकरणे आत घालायची नळी, घालतात.