पितळेचे अनुशीतन

ठोकून, लाटून किंवा साच्यात ओढून कडक झालेले पितळ तापवून पुन्हा नरम करण्याची क्रिया. कारागिरांच्या बोलीत याला ‘ताव देणे’ म्हणतात. मराठवाड्यातल्या तांबट-कासारांचा हंडा असो की वाळूज-चिकलठाण्यासारख्या औद्योगिक वसाहतीतला दाबयंत्राखालचा पत्रा, धातूचा नियम एकच आहे.

थंड पितळावर घाव बसत गेले की त्याचे स्फटिककण चेपतात, पत्रा हातोडीला दाद देईनासा होतो आणि तरीही ठोकत राहिल्यास काठाला चीर जाते. योग्य ताप मिळाला की चेपलेल्या कणांच्या जागी नवे, ताणमुक्त कण तयार होतात.

हा योग्य ताप म्हणजे एक आकडा नव्हे. ७० टक्के तांबे व ३० टक्के जस्ताच्या पितळेला २५० ते ३०० अंश सेल्सिअसला तासभर ठेवले, तर आतले ताण उतरतात, कडकपणा मात्र बहुतांशी टिकतो. पूर्ण नरमाईसाठी साधारण ४२५ ते ६५० अंश लागतात. पत्रा जितका जास्त ठोकलेला, तितका तो कमी तापाला नरमतो. आणि वेळ काही सेकंदांचाच असेल तर ताप चढा लागतो. कल्हईचा ताप यात मोडत नाही. कथील २३२ अंशांनाच वितळते, तेवढ्या थोडक्या तापाने भांडे सहसा नरम पडत नाही.

ताव जास्त झाला की कण अवाजवी वाढतात. असा पत्रा वाकवला की जालन्याच्या मोसंबीच्या सालीसारखा खडबडीत दिसतो, आणि बिघडलेले कण नुसते पुन्हा तापवून लहान होत नाहीत. जस्त ९०७ अंशांना उकळते, पण त्याआधीच ते उडू लागते. पांढरा धूर दिसला की मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते. तो धूर छातीत गेल्यास थंडी-ताप येतो.

तापमापक नसेल तिथे रंग पाहतात, आणि चूक बहुधा इथेच होते. अंधारात सुमारे ५२५ अंशांना फिकट लाली दिसू लागते. मराठवाड्यातल्या वैशाखाच्या उन्हात तीच लाली डोळ्यांना दिसत नाही, म्हणून माणूस ताप वाढवत राहतो. भट्टी सावलीत, अर्ध्या अंधारात हवी. या पितळेला पोलादासारखे पाणी चढत नाही. ते गरम असताना पाण्यात बुडवले तरी नरमच राहते.

बंदुकीच्या काडतुसाचे कवच याच पितळेचे असते. त्याच्या फक्त तोंडाला ताव देतात. बूड नरम पडले तर दाबाने फाटून वापरणाऱ्याच्या जिवावर बेतू शकते. ब्रिटिश काळात हिंदुस्थानातील लष्कराने पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेली काडतुसे आपोआप तडकत. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा आणि पितळेत अडकलेला ताण हे त्याचे कारण असल्याचा उलगडा १९२१ मध्ये झाला. गोठ्याच्या भिंतीलगत ठेवलेल्या, ताव न दिलेल्या ठोकीव घागरीलाही हाच धोका असतो. तिचा घडीव कडकपणा राखून ताण तेवढा काढायचा, तर २५० ते ३०० अंशांचा सौम्य ताव पुरतो.